‘आहेच सगळीकडे’ म्हणणाऱ्यांना

सूक्ष्म प्लास्टिकचा विषय वाशिम जिल्ह्यात काढला, की समोरून येणारी उत्तरं आता पाठ झाली आहेत. हा समुद्राचा प्रश्न, मुंबई-गोव्याचा. आपल्याकडे कुठे समुद्र आहे? प्लास्टिक तर आहेच सगळीकडे, त्यात शोधायचं काय? शोधायचं म्हटलं तरी कोट्यवधींची यंत्रं लागतात, ती आपल्याला कोण देणार? आणि शेवटी, ज्यापुढे सगळ्यांनी गप्प बसावं अशी अपेक्षा असते ते उत्तर: आधी प्यायला पाणी द्या, सोयाबीनला भाव द्या, मग असले विषय काढा.

ही उत्तरं अजाण माणसांनी दिली असती तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती. पण विज्ञान शिकवणारे, पाणीपुरवठ्याच्या बैठकांत बसणारे, शेतकऱ्यांना सल्ला देणारे लोक हेच बोलतात, आणि बोलताना आपण व्यवहाराची बाजू मांडतो आहोत असा त्यांचा समज असतो. मला यात व्यवहार दिसत नाही. आळस दिसतो, आणि त्या आळसाची किंमत ज्या काळ्या मातीवर हा जिल्हा जगतो ती माती मोजते आहे.

समुद्रापासूनच सुरुवात करू. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा इथे उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीमार्गे अरबी समुद्राला जाते. पैनगंगा, पूस, अरुणावती, अडाण यांचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचतं. एका जिल्ह्यात पडलेला पाऊस देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना जातो. समुद्रात सापडणारं प्लास्टिक समुद्रात तयार होत नाही. त्याचा मोठा हिस्सा नद्या वाहून नेतात आणि नद्या अशाच जिल्ह्यांत सुरू होतात. तेव्हा ‘आमच्याकडे समुद्र नाही’ हे उत्तर वाशिमच्या माणसाने तरी देऊ नये. शिवाय समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. काटेपूर्णेवरच्या महानच्या धरणाचं पाणी अकोला शहर पितं. धुऱ्यावरून ओढ्यात आणि ओढ्यातून काटेपूर्णेत गेलेला तुकडा आधी त्या धरणात जातो.

आणि समुद्र इकडे येत नाही असं कुणी सांगितलं? तो रोज मिठाच्या पुडीतून येतो. आयआयटी मुंबईच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय समुद्री मिठाची तपासणी केली. त्यात प्लास्टिकचे ६२६ कण सापडले. त्यातले ६३ टक्के तुकडे होते, उरलेले धागे. पण त्या अभ्यासाचा दुसरा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. मीठ बनवण्याआधी समुद्राचं पाणी साध्या वाळूच्या गाळणीतून नेलं, तर वजनाने ८५ टक्के प्लास्टिक अडवता येतं, हे त्याच संशोधकांनी दाखवलं. आधी मोजलं, काय आहे ते ओळखलं, मग उपाय निघाला, तोही वाळूचा, स्वस्तातला. ‘शोधून काय होणार’ विचारणाऱ्यांनी हे एक उदाहरण नीट वाचावं.

आता ‘आहेच सगळीकडे’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते ऐकायला खरं वाटतं. पाच मिलिमीटरहून लहान असलेल्या प्लास्टिकच्या कणाला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात, आणि असे कण हिमालयापासून समुद्रतळापर्यंत सापडले आहेत, हे बरोबर. पण ‘सगळीकडे आहे’ म्हणजे ‘सगळीकडे सारखं आहे’ असं नाही. कुठलं प्लास्टिक, किती, कुठल्या आकाराचं आणि कुठून आलेलं, या चार प्रश्नांची उत्तरं गावागणिक बदलतात. डास सगळीकडे आहेत, म्हणून हिवतापाच्या रुग्णाचं रक्त तपासायचं नाही, असं कुठला डॉक्टर म्हणतो का?

वाशिमच्या मातीत प्लास्टिक येण्याच्या वाटा कुणाही शेतकऱ्याला दाखवता येतील. उन्हाळाभर धुऱ्यावर पडलेलं सोयाबीनचं पांढरं पोतं जूनमध्ये उचलून पाहा. पोतं हातात येत नाही. पट्ट्या सुटतात, चोळल्या तर त्यांचे पांढरे तंतू होतात, आणि झटकले तरी ते बोटांना चिकटून राहतात. हे पॉलिप्रॉपिलीन. शेततळ्याचं अस्तर पाहा, ५०० मायक्रॉनचं, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. पाण्याखालचा भाग बरेच दिवस टिकतो, पण पाण्याच्या रेषेच्या वर जी पट्टी वर्षानुवर्षं ऊन खाते तिला भेगा पडतात, आणि नखाने घासली तर तिची साल निघते. हे पॉलिथिलीन. मिरची, टरबूज, हळद यांच्या गादीवाफ्यावर अंथरलेली आच्छादनाची फिल्म तर २५-३० मायक्रॉनची असते. पीक निघाल्यावर ती ओढायला गेलं की फाटते, वर दिसणारा भाग गोळा होतो आणि मातीत दबलेला नांगराखाली जातो. याशिवाय ठिबकच्या नळ्या आहेत, पीव्हीसीचे पाइप आहेत, धुण्याच्या पाण्यातून निघणारे पॉलिस्टरचे धागे आहेत. आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग आहे. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर रात्रंदिवस टायर झिजतात, आणि झिजलेल्या टायरची पूड पहिल्या पावसाबरोबर कडेच्या वावरात उतरते.

आता सांगा, यातली कुठली वाट किती मोठी आहे? पोत्याचं प्लास्टिक जास्त की फिल्मचं? शेततळ्याचं की रस्त्याचं? उपाय करायचा तर आधी कुठे हात घालायचा? ‘आहेच सगळीकडे’ म्हणणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि म्हणून तो काहीच करत नाही. उत्तर देण्याचा एकच मार्ग आहे. मातीतला, पाण्यातला कण बाहेर काढायचा आणि तो कुठल्या प्लास्टिकचा आहे हे रसायनशास्त्राने ओळखायचं. अवरक्त किरणांच्या यंत्रात, म्हणजे एफटीआयआरमध्ये, प्रत्येक प्लास्टिक किरणांचा ठरावीक भाग शोषून घेतं. पॉलिथिलीनची दोन टोकदार शिखरं प्रति सेंटिमीटर २९१५ आणि २८४८ या आकड्यांजवळ येतात. तेच पॉलिथिलीन उन्हात जुनं झालं की १७१५ च्या आसपास आणखी एक शिखर वर येऊ लागतं. म्हणजे कण फिल्मचा आहे इतकंच कळत नाही, त्याने ऊन किती खाल्लं याचाही अंदाज येतो. ज्याला कणाचा पत्ता आणि वय दोन्ही कळू शकतं, त्याने ‘आहेच सगळीकडे’ म्हणून हात झटकावेत, हे मला पटत नाही.

चीनमधल्या शिनजियांगच्या शेतांत हेच करून पाहिलं गेलं. तिथे आच्छादनाची फिल्म वर्षानुवर्षं वापरली जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षं फिल्म वापरलेल्या जमिनीत किलोमागे सुमारे ८० कण सापडले, पंधरा वर्षं वापरलेल्या जमिनीत सुमारे ३०८ आणि चोवीस वर्षं वापरलेल्या जमिनीत सुमारे १,०७५. फिल्म वापरायला सुरुवात करून फार वर्षं झाली नाहीत अशा जिल्ह्यासाठी हे आकडे म्हणजे पुढचं कॅलेंडर आहे. आपल्या मातीत आज किती आहे याची नोंद असेल तरच वीस वर्षांनी वाढ किती झाली ते सांगता येईल. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली, गावोगावी मातीचे नमुने घेतले गेले, बारा घटक तपासले गेले. त्या बारांत प्लास्टिक नाही. समृद्धीवरून पहिली गाडी जाण्याआधीची, त्या कडेच्या वावरातली एक मूठ माती तरी कुणी काचेच्या बाटलीत जपून ठेवली आहे का? ती वेळ गेली. पुढची वेळही अशीच जाऊ द्यायची का?

इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही सुनावणं भाग आहे, कारण या विषयाची निम्मी नाचक्की त्यांनी केली आहे. माणूस आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं, म्हणजे पाच ग्रॅम प्लास्टिक खातो, हा संदेश २०१९ पासून फोनाफोनी फिरतो आहे. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अन्न, पाणी आणि हवा मिळून नऊ माध्यमांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला, तो प्रौढ माणसासाठी आठवड्याला सुमारे चार मायक्रोग्रॅमचा निघाला. दोन आकड्यांत दहा लाख पटींहून जास्त फरक आहे. पाच ग्रॅमचा आकडा पुढे ढकलणारे आणि ‘काही नाही हो’ म्हणणारे, दोघांचं दुखणं एकच आहे: कणाची नीट ओळख पटवण्याआधीच मत बनवून मोकळं व्हायचं.

आकडा यंत्रावर किती अवलंबून असतो ते बाटलीबंद पाण्याच्या उदाहरणात दिसतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या. शंभर मायक्रॉनहून मोठे, एफटीआयआरने पडताळलेले कण लिटरमागे सरासरी दहाच्या आसपास निघाले. त्याच पाण्यात साडेसहा ते शंभर मायक्रॉनचे कण नाइल रेड या रंगाने चमकवून मोजले तर लिटरमागे ३२५. आणि जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने लेसरच्या नव्या पद्धतीने मायक्रॉनहून लहान कणांपर्यंत मोजलं, तेव्हा आकडा लिटरमागे सुमारे दोन लाख चाळीस हजारांवर गेला. दहा, ३२५ आणि दोन लाख चाळीस हजार, तिन्ही आकडे आपापल्या मर्यादेत खरे आहेत. कुठल्या जाळीने गाळलं, कुठल्या आकारापर्यंत पाहिलं, कशाने ओळखलं, हे सांगितल्याशिवाय यातला एकही आकडा बोलायच्या लायकीचा नाही. उद्या वाशिमच्या विहिरींबद्दल कुणी आकडा छापला, तर वाचकाने पहिला प्रश्न हाच विचारावा.

वाशिममध्ये तर ओळख पटवण्याची गरज इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचं कारण आपलं पीक आहे. कारंजा, मंगरुळपीर, मानोऱ्याचा पट्टा कापसाचा. पऱ्हाटीच्या हंगामात तिथल्या हवेत, पाण्यात, मातीत कापसाचे तंतू असणारच. त्यात रंगवलेल्या सुती कपड्यांचे निळे-लाल धागे मिसळतात. सूक्ष्मदर्शकाखाली नवशिक्या माणसाला हे सगळे धागे प्लास्टिकचे वाटतात. नीट पाहिलं तर कापसाचा तंतू चपटा असतो आणि पीळ पडलेला. पॉलिस्टरचा धागा गोल आणि एका जाडीचा. तरीही जुन्या, झिजलेल्या धाग्यात हा फरक पुसट होतो. तापवलेल्या सुईचं टोक लावलं तर प्लास्टिक वितळतं, आक्रसतं, कापूस करपतो. ही चाचणी बिनखर्चाची आहे, पण तीही अखेरचा पुरावा नव्हे. अखेरचा पुरावा वर्णपटाचा, म्हणजे एफटीआयआरमधल्या त्या शिखरांच्या आलेखाचा. कापसाचा, म्हणजे सेल्युलोजचा वर्णपट पॉलिस्टरपेक्षा इतका वेगळा आहे की तिथे वादाला जागा उरत नाही. नुसत्या डोळ्यांनी प्लास्टिक म्हणून उचललेल्या कणांपैकी वीस ते सत्तर टक्के कण रासायनिक तपासणीत प्लास्टिक निघत नाहीत, हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. कापसाच्या पट्ट्यात भिंगाने मोजून ‘इतके प्लास्टिकचे धागे सापडले’ असं जाहीर करणं म्हणजे लोकांना खोटं सांगणं आहे. असं काम झालं तर त्याची बातमी होईल, नंतर ते खोटं ठरेल, आणि पुढची दहा वर्षं खऱ्या अभ्यासावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

टायरच्या पुडीचं उलट. ती काळी, कार्बन ब्लॅकने भरलेली. अवरक्त किरण त्यात शोषले जातात आणि एफटीआयआरला नीट वर्णपट मिळत नाही. तिथे नमुना हवेशिवाय तापवून त्यातून निघणाऱ्या वायूंवरून ओळख पटवावी लागते. ही पद्धतही सरसकट वापरता येत नाही, कारण चरबी असलेल्या नमुन्यात चरबीतूनही पॉलिथिलीनसारखेच घटक बाहेर पडतात. माणसाच्या रक्तात आणि मेंदूत किती प्लास्टिक आहे या गाजलेल्या दाव्यांवर आज जो वाद चालू आहे तो याच मुद्द्यावर. प्रत्येक पद्धत कुठे आंधळी आहे हे ज्याला माहीत आहे त्याचाच अहवाल वाचण्यासारखा.

मग येते यंत्रांची तक्रार. कोट्यवधी रुपये, वाशिमला परवडणार नाही, वगैरे. हे म्हणणाऱ्यांनी कामाची पद्धत एकदा तरी वाचली आहे का? अमेरिकेच्या नोआ या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत कुणालाही मिळते. तिच्यातल्या बहुतेक पायऱ्या पदवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होण्यासारख्या आहेत. ५.६ मिलिमीटर आणि ०.३ मिलिमीटर छिद्रांच्या स्टीलच्या दोन चाळण्या. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचा क्षार, ज्यांच्यामुळे काडीकचरा, मुळं, शेणखत जळून जातं आणि प्लास्टिक उरतं. मिठाचं दाट द्रावण, ज्यावर हलकं प्लास्टिक तरंगतं आणि माती तळाला बसते. काचेचं नरसाळं, काचतंतूचा गाळणकागद, बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक. यातल्या कुठल्या वस्तूला कोटी रुपये लागतात?

खर्च शेवटच्या पायरीला आहे, वर्णपटाच्या. पण त्यासाठी यंत्र विकत घ्यावं लागत नाही. वेगळे काढलेले कण बाहेर पाठवता येतात. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रासारख्या ठिकाणी बाहेरच्या संस्थांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. सगळे कण पाठवायचीही गरज नसते, ठरलेल्या रीतीने निवडलेला हिस्सा पुरतो. अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांना नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांकडून क्षेत्रीय प्रकल्प करून घ्यावेच लागतात. त्या प्रकल्पांत दरवर्षी तेच ते सर्वेक्षण करून फायली भरण्यापेक्षा हे काम काय वाईट?

खरी अडचण पैशाची नाही, काटेकोरपणाची आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. माती परीक्षणासाठी नमुना कसा घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, घमेल्यात किंवा ताडपत्रीवर माती मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्यातून अर्धा किलो पिशवीत भरायची. स्फुरद-पालाशसाठी हे उत्तम. प्लास्टिकसाठी हाच नमुना बाद, कारण ताडपत्री, प्लास्टिकचं घमेलं, पिशवी, सगळंच नमुन्यात आपलं प्लास्टिक घालतं. इथे लोखंडी खुरपं, स्टीलचं भांडं, काचेची बरणी आणि झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लागते. अंगात सुती कपडे लागतात, आणि त्यांचा रंग कुठला हे लिहून ठेवावं लागतं. हातमोजेसुद्धा घात करतात: त्यांच्यावरच्या स्टिअरेटचे कण यंत्राला पॉलिथिलीनसारखे दिसतात, हे २०२० मध्ये सिद्ध झालं आहे. म्हणून प्रत्येक खेपेला कोरा नमुना चालवायचा. फक्त गाळलेलं शुद्ध पाणी त्याच चाळणीतून, त्याच द्रावणातून, त्याच गाळणकागदावरून न्यायचं, आणि त्यात जे सापडेल ते प्रयोगशाळेचं प्लास्टिक समजून हिशेबातून काढायचं. कोऱ्या नमुन्याचा आकडा ज्या अहवालात नाही, तो अहवाल वाचायलाच घेऊ नये.

मिठाच्या द्रावणाची एक गोष्ट तर वाशिमने ध्यानात ठेवलीच पाहिजे. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता साधारण १.२. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहूनही हलकं, ते सहज तरंगतं. पण पॉलिस्टरची घनता १.३८ च्या आसपास, आणि पाइपचं पीव्हीसीही तितकंच जड. ही दोन्ही मिठाच्या पाण्यात मातीबरोबर तळाला बसतात. म्हणजे केवळ मीठ वापरून केलेल्या तपासणीत कपड्यांचे धागे आणि पाइपचे तुकडे शून्य दिसतील, आणि कुणीतरी ते शून्य खरं मानेल. त्यासाठी झिंक क्लोराइडसारखं जड द्रावण लागतं. ते विषारी आहे, ओढ्यात ओतायचं नसतं, गाळून पुन्हा वापरायचं असतं. आणि आपली काळी माती चिकट. तिचे खडे आधी नीट फोडले नाहीत तर कण खड्यांतच अडकून राहतात. उन्हाळ्यात हीच माती हातभर भेगाळते आणि वरचे कण भेगांतून खाली जातात, म्हणून वरच्या वीस सेंटिमीटरचाच नमुना घेऊन थांबणं इथे चूक ठरेल. परदेशी रेताड किनाऱ्यासाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. ती या मातीसाठी बसवावी लागेल, आणि हे काम या मातीत राहणाऱ्यांशिवाय कोण करणार आहे?

आता ‘आधी पाणी द्या’. हे म्हणणाऱ्याच्या मागे खरं दुःख असतं, म्हणून त्याचं उत्तर सावकाश देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटलं आहे की पिण्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म प्लास्टिकची नेहमीची, सरसकट तपासणी सध्या सुचवता येत नाही, कारण आरोग्याला धोका असल्याचा पुरावा हाती नाही. हे वाक्य विरोधक नेहमी पुढे करतात. पुढची वाक्यं मात्र वाचत नाहीत. पुरावा का नाही? त्याच कामासाठी पिण्याच्या आणि गोड्या पाण्यावरच्या पन्नास अभ्यासांची छाननी झाली, आणि दर्जाच्या सर्व कसोट्यांना उतरलेले अभ्यास निघाले फक्त चार. म्हणून त्या अहवालाने प्रमाणित पद्धती आणि चांगले अभ्यास मागितले. मोजमाप कच्चं म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून मोजायचं नाही, या चक्रात आपण किती वर्षं फिरणार?

त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट सांगितली. जंतू आणि घाण काढण्यासाठी पाण्यावर जी नीट प्रक्रिया करावी लागते, तीच प्रक्रिया प्लास्टिकचे कणही मोठ्या प्रमाणात अडवते. म्हणजे ‘आधी पाणी, मग प्लास्टिक’ अशी रांग लावायची गरजच नाही. दोन्हींचं औषध एकच गाळणी आहे. ज्या गावात विहिरीच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली की काम झालं असं समजतात, तिथे जंतू मरतात, पण कण जिथल्या तिथे राहतात. चांगल्या पाण्याची मागणी करणाऱ्याच्या हातात प्लास्टिकचा आकडा आला तर ती मागणी बळकट होते. ज्या गावाला पाणी मिळत नाही त्या गावाच्या नावाने हा प्रश्न बंद करणं हा त्या गावावरच अन्याय आहे.

आणि शेतकऱ्याचं काय? हा विषय काढला की शेतकऱ्यावर खापर फुटेल, अशी भीती काहींना वाटते. ती रास्त आहे. पण खापर कुठे फुटावं हे ठरवायलाच तर ओळख लागते. शेततळं शासनाने सांगितलं, अस्तराला अनुदान दिलं, आच्छादनाच्या फिल्मला फलोत्पादन अभियानातून निम्म्या खर्चाचं अनुदान दिलं. वापरून झालेली फिल्म परत नेण्याची जबाबदारी कुणाची? उत्पादकांवरची जी विस्तारित जबाबदारी प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत २०२२ मध्ये पक्की झाली, ती वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी. वावरात अंथरलेली फिल्म वेष्टन नव्हे. मातीतला कण फिल्मचाच आहे हे वर्णपटाने दाखवता आलं, तर उत्पादकाकडे आणि शासनाकडे बोट दाखवता येतं. दाखवता आलं नाही, तर ‘शेतकरी कचरा करतात’ एवढंच वाक्य शिल्लक राहतं.

कायदाही आता पुराव्यावर येऊन ठेपला आहे. मार्च २०२४ च्या दुरुस्तीत जैवविघटनशील प्लास्टिकने मागे सूक्ष्म प्लास्टिक ठेवता कामा नये असं म्हटलं आहे, आणि सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे एक ते एक हजार मायक्रॉनचा कण असं लिहून ठेवलं आहे. उद्या एखादा विक्रेता रिसोडच्या शेतकऱ्याला ‘मातीत विरघळणारी’ फिल्म विकायला आला, तर ती विरघळली की तिचा चुरा झाला, हे कोण तपासणार? अन्नाच्या बाबतीत देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये लखनौ, कोची आणि पिलानीच्या संस्थांबरोबर तपासणीच्या पद्धती ठरवण्याचं काम हाती घेतलं. युरोपीय संघाने त्याच वर्षी पिण्याच्या पाण्यासाठी पद्धत ठरवली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात मात्र सूक्ष्म प्लास्टिकचा रकानाच नाही. रकाना नसलेली गोष्ट सरकारी कागदावर अस्तित्वातच नसते, हे या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं सरळ आहे. न ओळखलेला कण मोजणं ही अफवा, आणि ओळखता येत असून न मोजणं हा गुन्हा. पोतं, फिल्म, पाइप, टायर, कपडा यांपैकी आपल्या मातीचं नुकसान कोण किती करतं आहे, हे वाशिमने स्वतः शोधून काढलं पाहिजे, आणि तेही अशा रीतीने की परक्या प्रयोगशाळेने पुन्हा तपासलं तरी आकडा टिकेल.

म्हणून वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव आणि मानोरा इथल्या विज्ञान महाविद्यालयांतल्या शिक्षकांना, करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राला आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. यंदाचा पहिला पाऊस पडायच्या आत नमुने घ्या. एक वावर फिल्म वापरलेलं, एक कधीच न वापरलेलं. एक समृद्धीच्या कडेचं, एक रस्त्यापासून दूरचं. एका अस्तराच्या शेततळ्याचा गाळ आणि एका जुन्या मातीच्या तळ्याचा. अर्धी माती तपासा, अर्धी काचेच्या बरणीत तारीख आणि गट नंबर घालून जपून ठेवा. आणि निष्कर्ष काहीही निघो, अगदी ‘फारसं सापडलं नाही’ असा निघाला तरी, कोऱ्या नमुन्याच्या आकड्यासह तो ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा.